उजवीकडे झुकलेली मॉडेल टी : पुढच्या ॲक्सलचे खरे भाग ओळखण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाड्याच्या मागच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांआड, ही गाडी कित्येक वर्षं उभी होती. फोर्डची मॉडेल टी, उघडी टूरिंग. मालकांना इथं नुसतं नाना म्हणतो, गावाचं नाव गाळतो. नानांच्या आजोबांनी ती मुंबईहून आणली होती आणि घरात लहानथोर सगळे तिला ‘सतराची गाडी’ म्हणत. म्हणजे १९१७ ची. हे ‘सतरा’ आम्हाला पुढं बरंच महागात पडलं.

मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनल्या. हिंदुस्थानात आलेल्या बहुतेक गाड्या डेट्रॉइटच्या नव्हेत, तर नदीपलीकडच्या वॉकरव्हिलच्या, म्हणजे फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्याच्या. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या इतर बाजारांना गाड्या तिथून जात, उजव्या हाताचं स्टीअरिंग बसवून. नानांची गाडीही तिथलीच, यात शंका नव्हती. इंजिन नंबराच्या आधी ‘सी’ हे इंग्रजी अक्षर होतं. चाकाच्या एका टोपीवर फोर्डच्या नावाखाली ‘मेड इन कॅनडा’ उमटलेलं होतं. आणि बॉडीच्या लाकडात रॉबर्टसन स्क्रू होते, चौकोनी खाचेचे. आमच्या पोऱ्याला असे स्क्रू पहिल्यांदाच भेटले. त्यानं पेचकस लावून दोन बिघडवले, तेव्हा कुठं चौकोनी बिट घासून घेतला.

माझं पुण्यात जुन्या गाड्यांचं छोटं गॅरेज आहे. इंजिन, मॅग्नेटो, गिअरपेटीचे पट्टे ही कामं सरळ झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढचा ॲक्सल मात्र आठ महिने खाऊन बसला.

अडचण काय होती

गाडी समोरून पाहिली की उजवा खांदा पडलेला दिसे. चालवली की उजवीकडे ओढे. गावच्या मिस्त्रींचं म्हणणं ठरलेलं : “ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतोय नव्हं? शंभर वर्षं त्याच बाजूला वजन. पाटे बसले.” ऐकायला हे इतकं पटणारं होतं की मीही आधी मान डोलावली.

शिवाय सगळंच ढिलं होतं. किंगपिनचे, म्हणजे चाक ज्याभोवती डावं-उजवं वळतं त्या उभ्या खिळीचे, बुश खाल्लेले. विशबोनचा मागचा गोळा झिजून अंड्यासारखा झालेला. विशबोन म्हणजे ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून निघून मागं इंजिनाखाली एका गोळ्यावर येऊन मिळणारा, व्ही आकाराचा दांडा. तोच ॲक्सलला मागंपुढं होऊ देत नाही. त्यामुळं पुढचा सगळा संच नवा-जुना जमवावा लागणार हे दिसतच होतं.

इथं पहिली चूक झाली, आणि ती माझी. अमेरिकेतल्या एका जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याला मी कळवलं : १९१७ ची मॉडेल टी आहे, विशबोन, स्प्रिंगचे दोन्ही पर्च आणि दोन्ही स्टब पाठवा. पर्च म्हणजे स्प्रिंगचं टोक ॲक्सलला जोडणारा तुकडा. स्टब म्हणजे ॲक्सलच्या टोकाला वळणारा भाग, त्याच्या आडव्या दांड्यावर चाक फिरतं. त्यानं १९१७ चं जे योग्य तेच पाठवलं. कस्टममधून खोका सुटून आला, उघडला, आणि त्यातलं एकही सामान आमच्या गाडीवर बसेना.

कारण साधं होतं. १९१८ पर्यंतच्या गाड्यांत विशबोन ॲक्सलच्या वरच्या अंगाला जोडलेला असे. १९१९ पासून तो ॲक्सलच्या खालून जाऊ लागला, कारण वरून जोडलेला दांडा खडबडीत रस्त्यावर ॲक्सलला पुरता आवरू शकत नसे. आमच्या गाडीचा खालून होता, त्यामुळं पर्चही वेगळे. स्टबचीही तीच गत. आलेले स्टब गोळ्यांच्या बेअरिंगचे होते, आणि आमच्या हबमध्ये टेपर रोलरच्या वाट्या बसलेल्या. रोलर बेअरिंग १९१९ पासून येऊ लागली. साध्या गाड्यांवर गोळ्यांची बेअरिंग पुढंही काही वर्षं चालू होती.

नाना खोक्याकडं बघत म्हणाले, “म्हणजे आपली गाडी सतराची नाही?” त्यांना खर्चापेक्षा ते जास्त लागलं होतं.

वर्ष ठरवणं

खालून जाणारा विशबोन दिसला म्हणून गाडी १९१९ नंतरची, असं लगेच म्हणता येत नाही. पर्च आणि विशबोन हे बोल्टांनी बसणारे भाग आहेत. जुन्या गाडीला नंतरचा मजबूत विशबोन लावण्याची सुधारणा त्या काळी अनेकांनी केली. जो भाग दोन पान्यांनी निघतो, तो साक्षीदार म्हणून कच्चा. इंजिनचंही तसंच. मॉडेल टीची ओळख इंजिन नंबरावरून सांगतात खरी, पण इंजिनंही बदलली जात.

म्हणून आम्ही रिव्हेटांकडं गेलो. पायटा, म्हणजे गाडीत चढताना पाय ठेवायची फळी, ज्यावर टेकतो ते आडवे ब्रॅकेट चासीला रिव्हेट केलेले असतात. आधी ते घडीव होते, १९२०-२१ च्या सुमारास दाबून केलेल्या पत्र्याचे आले. नानांच्या चासीवर पत्र्याचे होते, आणि रिव्हेटांची डोकी मूळची, कुणी छिन्नी लावल्याची खूण नाही. इंजिन ब्लॉकवर स्टार्टरची जागा होती, तीही १९१९ पासूनची गोष्ट. रेडिएटर काळा, पितळी रेडिएटर १९१६ च्या मॉडेलनंतर गेला, त्यामुळं त्यावरून फारसं काही ठरत नव्हतं. सगळं एकत्र धरून आम्ही गाडी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची मानली. म्हणजे विशबोन खालून असणं तिच्या वयाला धरून होतं, आणि गाडीवर असलेला विशबोन मूळचाच असण्याची शक्यता मोठी होती.

मी तो आधी बदलायला निघालो होतो.

झुकाव कुठून येतो

विशबोनचा गोळा भरून, लेथवर गोल करून घेतला. पाटे उतरवून साफ केले, ग्रीस भरून परत चढवले. गाडी तशीच उजवीकडे. मिस्त्री म्हणाले, उजव्या अंगाला पॅकिंग घाला. मी जवळजवळ तयार झालो होतो. संध्याकाळी पोऱ्यानं सहज विचारलं, “साहेब, मोजायचं कुठून? चासीपासून की ॲक्सलपासून?”

आम्ही चासीच मोजत आलो होतो. मॉडेल टीला पुढं पाट्यांची एकच आडवी कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, मध्यभागी चासीला घट्ट, दोन्ही टोकं ॲक्सलला. कमान थकली तर चासी खाली येईल; ॲक्सल जमिनीपासून जितका वर आहे तितकाच राहील. कमान ॲक्सलच्या वर आहे, ॲक्सल आणि जमीन यांच्यामध्ये नाही.

सपाट फरशीवर गाडी घेतली. पट्टी उभी धरून ॲक्सलच्या दोन्ही टोकांखाली मोजलं. उजवं टोक डाव्यापेक्षा जवळजवळ एक इंच खाली.

मग ॲक्सल आणि जमीन यांच्यामध्ये काय काय येतं ते एकेक वगळत गेलो. टायर दोन्ही ३० बाय ३½ चे, हवा सारखी. चाकांची अदलाबदल केली. खालचं टोक उजवंच राहिलं. उरला स्टब आणि खुद्द ॲक्सल.

मिस्त्रींनी ओळंबा सोडला. उजवं चाक वरच्या अंगाला सुमारे दोन इंच बाहेर, डावं जेमतेम एक इंच. “वाकलाय. भट्टीत घालू, सरळ करू.” इथं मी ठाम नाही म्हणालो, आणि या प्रकरणात आपण योग्य वेळी बरोबर वागलो असं मला वाटणारी ही एकच जागा आहे. मॉडेल टीची पुढची चाकं वरून फाकलेलीच असतात. फोर्डच्या स्वतःच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की वरचं अंतर खालच्यापेक्षा सुमारे तीन इंच जास्त असावं. दोन आणि एक, बेरीज तीन. म्हणजे बेरीज बरोबर होती, वाटणी चुकली होती. वाकलेल्या ॲक्सलमध्ये बेरीजही सहसा बिघडते. इथं मात्र अख्खा ॲक्सलच एका बाजूला कलला होता, आणि चाकं त्याच्याबरोबर अंशभर कलली होती. उजवीकडे ओढण्याचं कारणही तेच : जे चाक जास्त बाहेर झुकतं, गाडी तिकडं जाते.

शिवाय हा ॲक्सल व्हॅनेडियम पोलादाचा, पाणी देऊन घडवलेला. भट्टीत लाल केला की त्याची मूळची ताकद गेली.

शेवटी दोन्ही स्टब काढून बाकावर शेजारी ठेवले. काढतानाही एक प्रसंग घडता घडता राहिला. डाव्या स्टबचा नट उलट्या आट्याचा असतो, चाक पुढं फिरताना सैल होऊ नये म्हणून. पोऱ्या पान्याला पाइप लावून त्याला सुटायच्या दिशेनं म्हणून आणखी आवळत होता. पानाच घसरला म्हणून आटे वाचले.

बाकावर ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही. मॉडेल टीच्या ॲक्सलची टोकं दुबेळक्याची असतात, स्टबचं उभं शरीर त्या बेळक्यात बसतं आणि अर्ध्या इंचाचा किंगपिन बोल्ट वरून खाली जातो. दोन्ही शरीरांची उंची सारखी, बुश सारखे, हबही दोन्हींवर सारखेच चढतात. फरक इतकाच, की उजव्याचा आडवा दांडा शरीरावर सुमारे एक इंच वर निघालेला. १९२६ मध्ये फोर्डनं गाडी बुटकी केली, तेव्हा पुढच्या बाजूला हाच बदल केला : दांडा वर, म्हणून ॲक्सल खाली. आमच्या गाडीत डावा स्टब आधीचा आणि उजवा १९२६-२७ चा. कधीतरी उजवा मोडला असणार. १९२६ मध्ये फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी सुरू झाली, पुढं मुंबईत सुटे भाग मिळणं सोपं झालं, आणि कुणीतरी जो मिळाला तो बसवला. तो बसतोच, हीच तर खरी फसगत. न बसणारा चुकीचा भाग लगेच कळतो.

कोणते पर्याय होते

पॅकिंग घालणं बाद झालं होतं. त्यानं चासी सरळ दिसली असती, पण चाकं तशीच कललेली राहिली असती.

कोल्हापूरला नवा स्टब घडवून घेण्याचा विचार मी बरेच दिवस केला. तिथले टर्नर डाव्या हातानं हे करून देतील. पण स्टब मोडला तर चाक निखळतं, आणि पोलाद कोणतं, घडण कशी, पाणी किती, याची जबाबदारी घ्यायला मी तयार नव्हतो. घडीव भागाची नक्कल सळईतून कातून काढणं मला पटत नाही. इतरांनी केलं असेल, त्यांचं ते जाणोत.

नानांचा मुलगा म्हणाला, डावाही १९२६ चा लावू. दोन्ही सारखे होतील, गाडी इंचभर बुटकी होईल, कुणाला कळणार? हा पर्याय चुकीचा मुळीच नव्हता. अमेरिकेतही काही लोक जुन्या टीला मुद्दाम हे स्टब लावून ती खाली आणतात. गाडी नीट चालली असती. पण पुढं इंचभर खाली आणि मागं मूळच्या उंचीवर, अशी ती नाक खुपसल्यासारखी उभी राहिली असती. आणि वर्ष ठरवायला एवढी खटपट केल्यावर ते मनाला येईना.

उरला एकच मार्ग, आधीच्या घडणीचा रोलर बेअरिंगचा उजवा स्टब शोधणं.

नानांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. “तो उजवा आमच्या आजोबांच्या मिस्त्रीनं बसवलाय. तोही आता या गाडीचाच झाला की.” याला माझ्याकडं तांत्रिक उत्तर नव्हतं. ठरलं ते असं, की तो स्टब फेकायचा नाही.

काय केलं

या वेळी विक्रेत्याला वर्ष सांगितलंच नाही. डाव्या स्टबचे चार बाजूंनी फोटो काढले, प्रत्येकात स्टीलची पट्टी शेजारी. शरीराच्या खालच्या कडेपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, बेअरिंगच्या दोन्ही जागांचे व्यास, आट्यांचा व्यास, सगळं व्हर्नियरनं मोजून कागदावर लिहिलं आणि सांगितलं, हाच, पण दुसऱ्या बाजूचा.

तरी घोळ झालाच. त्यानं विचारलं, ड्रायव्हर साइडचा हवा का? मी हो म्हणालो. आमचा ड्रायव्हर उजवीकडं, त्याचा डावीकडं. नशिबानं माल पाठवण्याआधी त्यानं फोटो पाठवला, आणि पोऱ्यानं मोबाइलवर मोठा करून पाहिलं : “साहेब, आटे उलटे आहेत.” ज्या आट्यांनी आधी घाम काढला त्यांनीच इथं वाचवलं. त्यानंतर आम्ही ड्रायव्हर आणि पॅसेंजर हे शब्दच बंद केले. गाडीत बसून पुढं तोंड करून डावा-उजवा, एवढंच. ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकांकडं जाणाऱ्या दांड्याच्या, बाबतीतही हाच गोंधळ. अमेरिकी चित्रात तो डावीकडून निघून उजव्या अंगाला जातो. आपल्याकडं ते चित्र आरशात धरून बघावं लागतं.

विक्रेत्यानं जोडी घेण्याचा आग्रह केला, झीज सारखी असेल म्हणून. जोडी घेतली. भोसरीत एका कारखान्यात चारही स्टबची डाय पेनिट्रंट चाचणी करून घेतली : आमचे दोन, आलेले दोन. लाल डाय पुसून पांढरी पावडर फवारली आणि थांबलो. नव्यानं आलेल्या डाव्याच्या मुळाशी, जिथं आतलं बेअरिंग टेकतं त्या कोनात, केसाएवढी लाल रेघ उमटली. डोळ्यांनी ती कुणालाच दिसली नसती. आमचा जुना डावा मात्र स्वच्छ निघाला. म्हणजे जोडीतला उजवा कामाला आला आणि डावा आमचाच राहिला.

नवे ब्राँझ बुश दाबून बसवले, वरचा-खालचा एकाच रीमरनं एका रेषेत काढले. किंगपिन वरून किंचित मागं झुकलेले आहेत ना, ते पाहिलं. टो-इन, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं, पाव इंचाच्या आत ठेवलं.

आज करायचं झालं तर

खोका मागवण्याआधी रिव्हेट बघेन. घरातली आठवण खोटी नसते. बहुधा ‘सतरा’ हे दुसऱ्याच कशाचं वर्ष असेल, जमिनीचं, लग्नाचं. पण तिच्यावर ऑर्डर देऊ नये.

झुकाव दिसला त्या पहिल्याच दिवशी ॲक्सलच्या टोकांखाली पट्टी धरेन. दहा मिनिटांचं काम होतं, आणि कमान उतरवण्याचे चार दिवस वाचले असते. डावा-उजवा भाग काढल्याबरोबर शेजारी ठेवून पाहणं ही सवय गॅरेजात आता लावली आहे. आम्ही बुश बघायला प्रत्येक स्टब वेगवेगळ्या दिवशी सैल केला होता, दोन्ही एका वेळी डोळ्यांसमोर आलेच नाहीत.

जुना स्टब घेतानाच, पैसे देण्याआधी, चाचणीची अट घालता आली असती का? विचारून पाहायला हवं होतं. जोडीचा आग्रह मी फार लवकर मानला.

आणि बुटक्या स्टबच्या पर्यायाबद्दल अजूनही माझं मन पूर्ण बसलेलं नाही. तो एक स्टब तिथं बहुधा कित्येक दशकं बिनतक्रार चालला होता.

गाडी आता

ॲक्सलच्या दोन्ही टोकांखाली आता सव्वा सुताचा फरक आहे. तो फरशीचाही असू शकेल. ओळंबा दोन्ही चाकांना दीड इंचाच्या आसपास दाखवतो. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर हात सोडला तर गाडी आपली आपण सरळ जाते. फार वेळ सोडू नये, ती मॉडेल टी आहे.

काढलेला उजवा स्टब तेल लावून, पत्र्याचं लेबल बांधून नानांच्या देवघराशेजारच्या कपाटात ठेवला आहे. तडा गेलेला मी गॅरेजात ठेवला, नवीन पोरांना दाखवायला.

पहिल्या फेरीनंतर नाना खाली उतरले आणि म्हणाले, “सगळं झ्याक आहे, पण मी डावीकडं घसरतोय.” सीट उचलून पाहिली. उजव्या कडेला काथ्याचा जादा थर शिवलेला होता, टाके जुने, दोरा काळा पडलेला. कुणीतरी गाडी सरळ होत नाही म्हणून ड्रायव्हरला सरळ केलं होतं. तो थर आम्ही उसवून काढला.